मथळ्यात अंक नको, टक्के द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला' असा मथळा वाचला की माझ्या मावशीचा फोन येतो, काढून घेऊ का रे पैसे म्हणून. 4 जून 2024 ला, निवडणूक निकालाच्या दिवशी तर ती रडवेलीच झाली होती. त्या दिवशी सेन्सेक्स 4,390 अंकांनी पडला, अंकात बघितलं तर खूपच मोठी पडझड, पण टक्क्यात साधारण पावणेसहा. 23 मार्च 2020 ला कोरोनाच्या भीतीने पडला तेव्हा अंक कमी होते, 3,935, पण टक्के तेरा! आणि हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्याच्या वेळी 28 एप्रिल 1992 ला फक्त 570 अंक गेले, ते सुद्धा जवळपास तेराच टक्के, कारण तेव्हा सेन्सेक्सच साडेचार हजारांच्या आत होता. तेच 570 अंक 80 हजारांच्या पातळीवर पाऊण टक्का पण होत नाहीत. मग नुसता अंक छापून वाचकाला नेमकं काय कळतं?

शेअर बाजार स्वतःसुद्धा टक्केच बघतो. सेन्सेक्ससारखा निर्देशांक 10, 15, 20 टक्के हलला की सर्किट ब्रेकर लागतो, म्हणजे व्यवहार काही वेळ बंद होतात, अंकांचा तिथे संबंधच नाही. म्हणूनच मार्च 2020 मध्ये दहा टक्के पडल्यावर व्यवहार 45 मिनिटं थांबवले आणि जून 2024 मध्ये जास्त अंक पडूनही थांबवले नाहीत.

दुसरं म्हणजे ते 'गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी बुडाले'. 4 जूनला 31 लाख कोटी बुडाले असं सगळीकडे होतं. अहो, हा आकडा येतो कसा तर प्रत्येक कंपनीचा शेवटचा भाव गुणिले तिचे सगळे शेअर, त्यात प्रवर्तकांचे (कंपनीच्या मुख्य मालकांचे) आणि सरकारचे पण आले, जे बहुतेक विकायला काढलेलेच नसतात. भाव उतरले हे खरं, पण बुडाले म्हणजे माणसाला वाटतं पैसे गेलेच. प्रत्यक्षात 7 जूनला, म्हणजे तीनच दिवसांनी सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला, निकालाच्या आदल्या दिवशीपेक्षाही वर. पडला तेव्हा पहिल्या पानावर होता, सावरला ती बातमी मात्र मला आतल्या पानावर शोधावी लागली. मावशीला मी थांबवलं म्हणून थांबली, ज्यांना सांगणारं कोणी नव्हतं त्यांनी त्या भीतीत विकलं असेल तर त्यांचं नुकसान मात्र खरंखुरं झालं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सेन्सेक्स म्हणजे 30 कंपन्या, त्यातही रिलायन्स, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक अशा मोजक्यांचं वजन एवढं की त्या पडल्या की सेन्सेक्स पडतो, मग बाकी शेकडो शेअर वर का असेनात. त्यामुळे किती शेअर वाढले आणि किती घसरले हे दोन आकडे पण बातमीत हवेत, बीएसई आणि एनएसई हे दोन्ही शेअर बाजार ते रोज देतातच.

तर विनंती एवढीच की मथळ्यात टक्के ठळक द्या, अंक खाली बातमीत द्या. चढला तेव्हाही तसंच, कारण 'सेन्सेक्सची हजार अंकांची उसळी' वाचून घाईघाईत पैसे घालणारेही आहेत.

आपला,
एक नियमित वाचक