रविवारची बैठक : मांगा पुरस्कार आणि आपली मतं

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी, जपानी मांगांच्या (म्हणजे कॉमिक्सच्या) पुरस्कारांवर बैठक आहे. यंदा नुसत्या गप्पा नाहीत, मतदानही करायचंय.

– पद्धत 'मांगा ताइशो'ची. २००८ पासूनच्या या पुरस्कारात मुख्यतः पुस्तकांच्या दुकानांतले कर्मचारी मतं देतात, आणि आठहून अधिक खंड झालेल्या मालिका बाद! म्हणजे शंभराहून अधिक खंडांच्या 'वन पीस'वाल्यांनी आधीच हात जोडावेत.

– प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन नावं शुक्रवारपर्यंत गटावर टाकावीत. स्वतः वाचलेलीच. ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) पाहिलं म्हणजे मांगा वाचली असं धरणार नाही.

– सुरुवातीला मांगाकार ओसामु तेझुकांच्या नावाच्या 'तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारा'वर थोडं बोलणं होईल. असाही शिंबुन हे वृत्तपत्र तो १९९७ पासून देतं. पहिला मुख्य पुरस्कार फुजिको एफ. फुजिओंच्या 'डोरेमॉन'ला मिळाला, पण फुजिओ त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. आपल्याकडे डोरेमॉन पोरांचं कार्टून म्हणून सोडून देतात. त्यावर मला जरा भांडायचंय.

– ग्रंथालयाचे खंड परत आणा. खूप जण रांगेत आहेत.

– शेवट सांगून टाकू नका, कृपया.