'प्रार्थना करून सांगतो' किती दिवस चालणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनातली गोष्ट, ती दाखवायची कशाला, असं हल्ली सगळेच म्हणतात आणि आम्ही ख्रिस्ती लोकही त्यात मागे नाही. ठीक आहे, पण मग बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय कुठे ठेवायचा? अंगावर कपडा नाही, पोटाला अन्न नाही अशा भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणालात आणि हातावर काहीच ठेवलं नाही तर उपयोग काय, असं तिथे तोंडावर विचारलंय. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर याला हे पत्र फारसं रुचलं नव्हतं, १५२२ मध्ये त्याने त्याला गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं पत्र म्हटलं, आणि आमच्यातले काही जण तेवढंच पकडून बसतात. पण त्याच वर्षी बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या आपल्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलंय की खरा विश्वास चांगली कामं करायची का असं विचारत बसत नाही, विचारायच्या आधीच ती करून मोकळा होतो. हे कोणी सांगत नाही!

मला जास्त खटकते ती टाळाटाळ. भावाशी अबोला आहे, चूक आपली आहे हेही माहीत आहे, तरी विचारलं की उत्तर ठरलेलं, प्रार्थना करून बघतो. अहो प्रार्थना जरूर करा, पण जे येशूने स्पष्ट सांगितलंय त्याला पुन्हा परवानगी कसली मागताय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये असं आहे, म्हणजे चालू उपासना अर्धवट सोडायला सांगितलीय. फेलिक्स या रोमी सुभेदारानेही कैदेतल्या प्रेषित पौलाचं सगळं ऐकलं, घाबरला, आणि सवड मिळाली की बोलावतो म्हणाला.

याउलट फिलिप्पै शहरातला तो तुरुंगाधिकारी बघा (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १६). संध्याकाळपर्यंत त्याच माणसाने पौल आणि त्याचा सोबती सीला यांचे पाय खोड्यात अडकवलेले, फटक्यांच्या जखमा तशाच ठेवलेल्या. मध्यरात्री भूकंप झाला, याने वचन ऐकलं, आणि सकाळ होऊ दे म्हणाला नाही, त्याच घटकेला त्यांना नेऊन जखमा धुतल्या, मग घरातल्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला, घरी आणून जेवायला वाढलं. त्याचा विश्वास पौलाला पाठीवर कळला असणार.

आता कोणी म्हणेल की डाव्या हाताला कळू देऊ नका असंही लिहिलंय. बरोबर, पण ते दान मिरवण्याबद्दल आहे. मदतीचे फोटो स्टेटसला टाकणं मलाही आवडत नाही. पण ज्याचं देणं लागतो त्याला तरी ते दिसायला नको का? जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत करतो हे सगळ्यांसमोरच सांगितलं. आणि हो, लगेच आज्ञा पाळायची म्हणजे व्यासपीठावरून कोणीही काहीही सांगितलं की पळायचं असं नाही, बिरुया गावचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात तपासून बघत होते.

पाळकांना एकच विनंती, अर्पणाच्या गीताआधी पाच मिनिटं थांबा आणि ज्याला समेटासाठी कुणाला फोन करायचाय त्याने बाहेर जाऊन करून यावा. थैली थोडी उशिरा फिरली तरी चालेल.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक