तिसऱ्या विषयाबद्दल सईला

सांगली,
नोव्हेंबर २०२५

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आबांच्या खुब्याचे टाके निघाले. वॉकर धरून ते पलंगापासून खिडकीपर्यंत जातात आणि फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलाशी राजकारणावर वाद घालतात, यावरून प्रकृतीचा अंदाज तुला येईल. ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीला, कोणते तीन विषय का हवेत हे कॉलेजला सांगणारे तू पाठवलेले पर्सनल स्टेटमेंट मी काल रात्री मोबाइलवर वाचले आणि आज सकाळी मारुती चौकातून त्याची छापील प्रत काढून आणून पुन्हा वाचले. फोनवरच बोललो असतो, परंतु रविवारी विषय काढताच ‘बाबा, प्लीज’ एवढे म्हणून तू फोन आईच्या हाती दिलास, म्हणून हे लिहितो आहे. देवनागरी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. या खेपेस तो लागलेला बरा.

लिहिले आहेस ते नीटनेटके आहे. इंग्रजीत बोट ठेवायला जागा नाही, पाचशे शब्दांची मर्यादा पाळली आहेस, ड्यूक ऑफ एडिनबरो पुरस्काराच्या ब्राँझ पातळीसाठी भर पावसात तंबू ठोकल्याचा उल्लेखही योग्य जागी आला आहे. तरीही ऑक्टोबरच्या सुरुवातीला तू मला दाखवलेला खर्डा आणि हा खर्डा एकाच मुलीने लिहिले आहेत असे वाटत नाही. त्या खर्ड्यात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भूगोल होते. आता भूगोल गेला, तेथे गणित आले, आणि पहिल्याच ओळीत ‘लहानपणापासून डॉक्टर होण्याचे माझे स्वप्न आहे’ असे वाक्य आले. आबा दिवाळीत पडले. त्याआधी डॉक्टर हा शब्द तुझ्या तोंडून मी मिलिंदमामाच्या संदर्भाखेरीज ऐकलेला नाही. माणसाचे मन एका प्रसंगाने बदलू शकते, ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की हे तुला हवे आहे की आम्हाला हवे असेल असे तुला वाटते? हे एकदाच विचारतो आणि पुढे जातो.

कॉलेजात ज्या बाई हे वाचतील त्यांच्यापुढे अशा कागदांचा गठ्ठा असेल आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर कोणाला तरी विज्ञानाची ‘लहानपणापासून आवड’ असेल. तुझे प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शिक्षकांनी वर्तवलेले निकाल, आणि संदर्भपत्र त्यांना शाळेकडून मिळणारच आहे, त्यामुळे तू हुशार आहेस हे तुला वेगळे सांगावे लागत नाही. या मुलीने हेच तीन विषय का घेतले, वर्गाबाहेर ती त्यांच्यामागे कुठवर गेली आणि पुढची दोन वर्षे तिची चिकाटी टिकेल का, हे त्यांना पाहायचे असते. म्हणून प्रत्येक दाव्यामागे तू प्रत्यक्ष केलेली एखादी गोष्ट यायला हवी. ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. मोठे शब्द काढून टाकावेत, एका वाक्यात दोन विशेषणे घालू नयेत, शेवटचा परिच्छेद पहिल्याचीच उजळणी नसावा, आणि लिहिलेले मोठ्याने वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य बदलावे. पाहा, भाषण सुरू झाले. मी पत्रातसुद्धा उभा राहून बोलतो असे तुझी आई म्हणते, ते काही उगाच नाही. राग मानू नकोस.

पण त्या पहिल्या खर्ड्यातला जो परिच्छेद तू पूर्ण काढून टाकलास, तो माझ्या डोक्यातून जात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तू नऊ वर्षांची होतीस आणि आपण सुट्टीसाठी येथे आलो होतो. गावभागात कृष्णेच्या पुराचे पाणी शिरले तेव्हा विनूकाकाच्या वरच्या मजल्यावर आपण किती माणसे कोंबून राहिलो होतो ते आठव. मोठी माणसे अलमट्टी धरणाच्या नावाने भांडत होती, आजी देवापुढे बसली होती, आणि तू खडू घेऊन जिन्यावर बसलेली होतीस. पाणी ज्या पायरीला टेकले असेल तिच्या वरच्या पायरीवर वेळ लिहायची आणि ती पायरी बुडाली की पुढचीवर लिहायची, असे तुझे चालले होते. संध्याकाळपर्यंत तू विनूकाकाला सांगितलेस की दुपारच्या मानाने पाणी चढण्याचा वेग कमी झाला आहे, आणि त्या घरात त्या दिवशी आकड्यांनिशी बोलणारी तू एकटी होतीस. दर तासाला ‘आयर्विन पुलाला किती फूट?’ असे विचारून तू त्याला भंडावून सोडलेस. धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, हे तू इंग्लंडात रेडिंगला परतल्यावर वर्गात सांगितलेस. येथे पाऊस थांबलेला असतानाही पाणी का चढते, हा तुझा प्रश्न होता. वर महाबळेश्वर-कोयनेकडे पडलेला पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी येथे पोहोचायला वेळ लागतो, हे मी सांगितले खरे, पण तेवढ्याने तुझे समाधान झाले नाही. हरिपूरला वारणा येऊन मिळते ती कृष्णेच्या पाण्याला आणखी फुगवते का, हेही तुला जाणून घ्यायचे होते.

त्या खर्ड्यात तू लिहिले होतेस की तुझे आजोबा राहतात तेथे कृष्णेला वारणा मिळते आणि तू राहतेस तेथे थेम्सला केनेट मिळते. मी या दोन्ही गावांत राहिलो, पण हे मला जन्मात सुचले नसते. गेल्या वर्षी फील्डवर्कला गमबूट घालून ओढ्यात उतरलात, पट्टीने दहा मीटर मोजून संत्रे सोडले आणि ते खाली पोहोचायला किती सेकंद लागतात यावरून प्रवाहाचा वेग काढलात. ओली वही बॉयलरवर वाळत ठेवून तू जेवायच्या टेबलावर त्याचा आलेख काढत होतीस तेव्हा मी तुला दोनदा जेवायला हाक मारली आणि तुला ती ऐकू आली नाही. ते सगळे काढून तू ‘माझ्यात निरीक्षणशक्ती आहे’ असे वाक्य घातले आहेस.

आमच्या वेळी हे असले काही लिहावे लागत नसे. दहावीला ८४ टक्के पडले, विलिंग्डन कॉलेजच्या फलकावर यादी लागली, तिच्यात नाव निघाले आणि आबांनी शाळेचा दाखला आणायला पाठवले. सायन्स का, असे मला कॉलेजने विचारले नाही, घरात कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्यात कोणाचे काही चुकले असे मला वाटत नाही. तेव्हाची रीतच तशी होती आणि सायन्स घेतले तरी अकरावीला इंग्रजी होतेच, विषयही भरपूर होते. तुमच्याकडे मात्र सोळाव्या वर्षी नऊ-दहा विषयांवरून एकदम तिनावर यायचे, आणि त्यासाठी ‘का’ हे लेखी द्यायचे. हे मला आजही थोडे निष्ठुर वाटते. पण विचारतात हे चांगलेच आहे. म्हणूनच त्या प्रश्नाचे उत्तर तुझे असावे. तुला गणित खरेच करायचे आहे का, सई? एकदाच विचारीन म्हटले होते, ते राहिले बाजूला.

मेडिसिनचा मार्ग भूगोल घेतल्याने बंद होत नाही. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असले की बऱ्याच विद्यापीठांना तिसरा विषय कोणता आहे याने फरक पडत नाही. ज्या विद्यापीठांचा विचार असेल त्यांच्या अटी त्यांच्याच पानावर पाहून घे, मैत्रिणीच्या भावाने सांगितले म्हणून धरून चालू नकोस. कॉलेजची ऑफरही सशर्त असते. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा, म्हणजे तुमच्या दहावीचा, निकाल लागला की नावनोंदणीच्या वेळी जागा असल्यास विषय सहसा बदलता येतो. तेव्हा आज लिहिशील ते दगडावर कोरले जाणार नाही, एवढा दिलासा मी तुला आणि जास्त करून स्वतःला देतो आहे. उद्या तू खरोखर डॉक्टर झालीस तर मी मिरजेपासून मारुती चौकापर्यंत पेढे वाटीन. पण आबांचा खुबा मोडला आणि ती त्याची भरपाई करायला निघाली, असे मनात आले की मला झोप लागत नाही. आबांना बरे करणारे डॉक्टर येथे आहेत, आणि त्यांची काळजी घ्यायला मी आलेलो आहे.

रविवारच्या मराठी शाळेत तू लहान मुलांना बाराखडी शिकवतेस, तेही कोठे दिसले नाही. गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली यांची जीसीएसई आहे आणि मराठीची नाही, म्हणून ते काम फुकट ठरत नाही. दोन ओळी त्यावर येऊ देत.

अर्ज पुढच्या शुक्रवारी बंद होतो असे आईने सांगितले. शेवटच्या रात्री पोर्टल अडते, तेव्हा गुरुवारीच भरून मोकळी हो. आधी भूगोलाच्या मॅडमना दोन्ही खर्डे दाखव आणि त्या काय म्हणतात ते ऐक. मला पुन्हा दाखवलेच पाहिजे असे नाही. मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, अभ्यासात रात्री बारानंतर जागू नकोस आणि आईला मीटर रीडिंग पाठवायची आठवण कर.

तुझे,
बाबा

ता. क. गणितच ठेवायचे ठरले तर जरूर ठेव. मात्र मग पाचशे शब्दांत गणिताविषयी एक तरी वाक्य हवे. आत्ता एकही नाही.