अठरा पूर्ण होताच मदत बंद, खर्च मात्र तेव्हाच सुरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाच्या खिडकीवर मी बरीच वर्षे काम केले. आई-वडिलांविना वाढलेल्या मुलांची त्या खिडकीशी जी परवड होते, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. बहुतेक मुलांना अठरा पूर्ण होतात ती बारावीत किंवा निकालाच्या आसपास. म्हणजे पदवीचा प्रवेश, खोलीचे भाडे, मेसचे पैसे सगळे एकदम अंगावर येते तेव्हाच हा आधार तुटतो. ग्रामीण मुलींचा एसटीचा मोफत पासही बारावीपर्यंतच.

सरकारने काहीच केलेले नाही असे मी म्हणणार नाही. अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, त्या निर्णयात अनाथ मुला-मुलींनाही घेतले. पण अनाथ म्हणून हे मिळवायला अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलाला ते मिळते आई-वडील दोघेही वारले असतील तरच.

भुदरगडकडची एक मुलगी आजीबरोबर प्रवेशाला आली होती. वडील लहानपणीच वारलेले, आईचे दुसरे लग्न झालेले, तिचा काही संपर्क नाही. मुलगी वाढली आजीकडेच. पण कागदावर आई हयात, त्यामुळे अनाथ प्रमाणपत्राचा प्रश्नच नाही. अर्जात पालकाच्या उत्पन्नाचा दाखला मागितलेला. कोणाचा जोडायचा? आजीचा चालेल का, हे आमच्या कार्यालयातही कोणी ठामपणे सांगेना. आजी पिशवीतून एकेक कागद काढून खिडकीतून आत सरकवत होती, "ह्यो चालंल का बघा" म्हणत. त्यातला एकही चालणारा नव्हता.

बालगृहात वाढलेल्या मुलांची स्थिती थोडी बरी. त्यांना केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत बाहेर पडल्यावर दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. पण संस्थेत न राहता आजी, मामा, काकांकडे वाढलेल्यांसाठी तसे काही नाही. मुलाला संस्थेत न ठेवता घरात वाढवा, हे धोरण सरकारचेच. मग घरात वाढलेल्या मुलाला पुढे कमी मदत का मिळावी?

अमेरिकेत सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात वाढून सज्ञान झालेल्या तरुणांना केंद्र सरकारच्या योजनेतून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत शिक्षणासाठी मिळू शकतात, वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षे. रकमेची बरोबरी आपण करू शकणार नाही, पण वयाची मर्यादा शिक्षण संपण्याशी जोडायला कोणी अडवलेले नाही.

आणि फी माफ झाली म्हणून मूल शिकते असेही नाही. बाहेरगावच्या पोराला आधी राहायची-जेवायची सोय लागते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. त्यातली कितीतरी आजही चालू आहेत. प्रत्येकाने दोन-दोन जागा जात न बघता या मुलांसाठी ठेवल्या, तर मोठे काम होईल. विश्वस्तांना माझी ही हात जोडून विनंती आहे.

सरकारकडे मागणे असे, की बालसंगोपनची रक्कम पदवी किंवा आयटीआय पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. या मुलांच्या प्रवेशासाठी बालसंगोपनसाठी बाल कल्याण समितीने दिलेला आदेश आणि सांभाळणाऱ्याचा उत्पन्न दाखला पुरेसा मानावा. ज्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळू शकते, त्यांच्या हातात ते दहावीतच पडावे. पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडून ते यायची वाट पाहण्यात प्रवेशाची मुदत जाऊ नये.

राज्याचा निर्णय होईल तेव्हा होईल. जिल्हा वार्षिक योजनेत ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखीव असतो. त्यातून अशा मुलांच्या मेस आणि खोलीभाड्याची सोय करता येईल का, हे पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांनी येत्या नियोजन समितीच्या बैठकीत विषय म्हणून घ्यावे. जूनच्या आधी घ्यावे.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर