आरोग्यमंत्री साहेब, २१ दिवसांचं इंजेक्शन फडावर पण पोचू द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातला, सध्या चाकणला कंपनीत कामाला आहे. घरचे सगळे ऊसतोडीला जातात, आई-वडील, बहीण, दाजी. हे पत्र बहिणीवरून लिहितोय. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं, पण तिच्यासारखं हार्टच्या झडपेचं दुखणं घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या अजून बऱ्याच असतील.

ती नऊ-दहा वर्षांची असताना घसा सारखा धरायचा, मग एकदा गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, वरून ताप. गावात सगळे म्हणले वाढीचं दुखणं आहे. तुमच्याच खात्याची शाळा तपासणीची गाडी आली (ही योजना २०१३ ला सुरू झालेली, चांगली आहे, चांगल्याला चांगलंच म्हणणार), त्या डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली आणि म्हणल्या हार्टमध्ये आवाज येतोय. जिल्ह्याला इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी केली तर मायट्रल नावाची झडप खराब. घशाच्या इन्फेक्शनने जो संधिवाताचा ताप येतो त्याने झालेलं. उपाय काय, तर पेनिसिलीनचं इंजेक्शन, दर २१ दिवसांनी कंबरेत, वर्षानुवर्षं, म्हणजे परत तसा ताप येऊन झडप आणखी बिघडायला नको.

आता साहेब, आमचं कॅलेंडर बघा. दिवाळीच्या मागंपुढं टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परत. तेवढ्यात सात-आठ इंजेक्शनं येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर कोयत्याच्या हिशोबातून कटतो. कारखान्याकडच्या दवाखान्यात गेलं की एक म्हणणार तुमचं नाव इथं नाही, दुसरा म्हणणार हे इंजेक्शन आम्ही देत नाही, रिअॅक्शन आली तर कोण बघणार. रिअॅक्शनची भीती खोटी नाही, पण ती आवरायला लागणारं अॅड्रेनालिन काय लाखाचं औषध नाही. असं एक एक चुकत गेलं आणि लग्नानंतर तर इंजेक्शनचं कार्डच हरवलं.

मागच्या सीझनला जानेवारीत तिला थंडी वाजून ताप यायला लागला. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन, सुई आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. ताप उतरला, गोळ्या संपल्या, परत ताप. असं तीन वेळा झालं, मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला, झडपेचं कोणी विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही कारण तिला वाटलं ते लहानपणीचं, आता त्याचं काय. नखाखाली बारीक काळपट रेघा आल्या होत्या, आई म्हणाली पाचट लागलं असंल. एका पहाटे मोळी उचलताना उजवा हात गळाला, मोळी खाली, तोंड वाकडं, आणि बोलायला गेली तर शब्दच येईना.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, मेंदूची शीर बंद झालेली. आणि ती बंद करणारा तुकडा आला कुठून तर हार्टमधून. खराब झडपेवर बॅक्टेरिया बसले होते आणि त्यांची १४ मिलिमीटरची गाठ झाली होती, तिला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात, त्यावर आई मला हळूच म्हणाली, काळजात भाजी कशी उगवंल रे? त्या गाठीचे तुकडे रक्ताबरोबर कुठंही जातात, मेंदूत, किडनीत, प्लीहेत, पायाच्या शिरेत. झडप कुरतडली जाऊन फाटली की हार्ट फेल होतं, आणि जास्त माणसं त्यानेच जातात. नीट उपचार होऊनसुद्धा साधारण पाचातला एक दवाखान्यातच दगावतो असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. उपचार नाही केला तर जवळपास कोणीच वाचत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. औषध ठरवायला नेमका कोणता जंतू आहे ते कळावं लागतं, त्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायचे. तिचं रक्त तीनदा घेतलं, तिन्ही वेळा काहीच उगवलं नाही, कारण आधीच्या अर्धवट गोळ्यांनी जंतू दबले होते, मेले नव्हते. मग अंदाजाने दोन-तीन औषधं एकदम, शिरेतून, सहा आठवडे. गोळ्यांनी भागत नाही कारण जंतू गाठीच्या आत लपलेले असतात. त्यातल्या एका औषधाने क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, ते बदलावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात दम एवढा वाढला की आडवं होता येईना, रात्र रात्र बसून, मग औषध चालू असतानाच झडप बदलली. ऑपरेशनचा पैसा सरकारी योजनेतून झाला, खोटं बोलणार नाही. पण त्याच्या आधीचा खर्च आणि बुडालेल्या सीझनची उचल अजून डोक्यावर आहे.

जिवंत आहे, तेवीस वर्षांची. उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही, "पाणी" म्हणायचं असलं की कधी कधी "पान" म्हणते आणि स्वतःच रडते. छातीत धातूची झडप आहे म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, त्याला रक्त किती पातळ झालं ते बघायची आयएनआर नावाची तपासणी, ती आमच्या तालुक्याला होत नाही, जिल्ह्याला जावं लागतं. मूल नाही, आणि ह्या गोळीवर गरोदरपण म्हणजे बाळाला पण धोका आणि तिला पण. सासरचे अजून काही बोलत नाहीत.

साहेब, मी काही नवीन हॉस्पिटल मागत नाही. झडपेच्या पेशंटला ताप आला तर अँटिबायोटिकच्या आधी कल्चरचं रक्त घ्या, एवढा एक कागद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर लावा आणि कल्चरच्या बाटल्या द्या, तपासणी जिल्ह्याला झाली तरी चालेल, रक्त घेऊन पाठवता तर आलं पाहिजे. इंजेक्शनचं कार्ड मोबाईल नंबरवर करा, आमच्यात राशन नसंल पण मोबाईल प्रत्येक कोपीत आहे. कारखाना जिथं आहे तिथल्या आरोग्य केंद्रात पेनिसिलीन आणि रिअॅक्शनची तयारी दोन्ही असू द्या. आणि किडलेले दात कोणी तरी बघा, तोंडातले जंतू पण रक्तात जाऊन झडपेवर बसतात, आमच्यात दात दुखला की तंबाखू लावतात.

ह्या वर्षी पण दिवाळी झाली की टोळ्या निघतील. आमच्या गावातून तीन ट्रॅक्टर. त्यातल्या एकात आमच्या चुलत्याची पोरगी आहे, बारा वर्षांची, तिचं पण इंजेक्शन चालू आहे, निघायच्या आधी शेवटचं घेतलं की पुढचं २१ दिवसांनी कुठं घ्यायचं ते तेवढं सांगा.

आपला,
बीडचा एक भाऊ