सातारच्या रजिस्टरातली एक ओळ

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

७ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या शाळांत विद्यार्थी दिवसाची गडबड सुरू होते. निबंध, वक्तृत्व, हार, फोटो. १९०० साली याच तारखेला बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले, म्हणून २०१७ पासून शासनानं हा दिवस ठरवला. ती तारीख आपल्याला कळली कशी? शाळेचं रजिस्टर टिकलं म्हणून. क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर.

त्या पोराला वर्गात वेगळं बसावं लागे. गोणपाट घरून आणायचं आणि रोज घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनी पुढं स्वतः लिहून ठेवलं. रजिस्टरात यातलं काही नाही. तिथं भिवा इतर पोरांसारखाच, एका ओळीत. आणि ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला आपण कुणाचं नाव लिहितोय याची काय कल्पना असणार!

साहेब, मी निवृत्त शिक्षक. माजी विद्यार्थ्यांच्या नावांचे फलक मी पुष्कळ पाहिले, एकदोन रंगवूनही घेतले. पण मी जिथं शिकवलं त्या एका शाळेत, स्वातंत्र्यापूर्वीच्या रजिस्टरांचं कपाट उघडलं तर निम्म्या पानांची वाळवीनं माती केलेली. दाखला मागायला आलेल्या म्हाताऱ्याला आम्ही काय सांगणार?

'पैसा नाही, माणसं नाहीत' हे उत्तर कृपया नको. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा याच शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, पानं तपासली गेली, मोडी वाचणारेही मिळाले. आरक्षणासाठी जमलं ते जतनासाठी जमायला हरकत नसावी.

मागणी छोटी आहे. यंदाच्या विद्यार्थी दिवसाच्या परिपत्रकात निबंध-वक्तृत्वाच्या खाली एक कलम घाला: जिल्हा परिषदेच्या आणि शासकीय प्रत्येक शाळेनं आपलं सर्वांत जुनं जनरल रजिस्टर स्कॅन करून एक प्रत शाळेत, एक जिल्ह्याला ठेवावी. मूळ पुस्तक मात्र शाळेतून हलवू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक