चित्रे वाढली, पाहणारे डोळे तेवढेच राहिले

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. आपल्या ऑनलाइन छायाचित्रसमूहाचे काम सोडून द्यावे असे तुझ्या मनात येते आहे, हे वाचून फार वाईट वाटले; आश्चर्य मात्र वाटले नाही, कारण गेले वर्षभर रात्री उशिरापर्यंत जागून तू तक्रारी निस्तरतोस हे मी पाहत आलो आहे. मात्र ‘नवे लोक आले आणि समूह बिघडला’ हे तुझे वाक्य मला पटत नाही.

आपण तीस-चाळीस जण होतो तेव्हाचे आठव. दिवसाकाठी पाच-सहा छायाचित्रे येत आणि प्रत्येक जण प्रत्येक चित्र पाहत असे. खिडकीशी बसलेल्या माझ्या आजीचे चित्र मी टाकले, तेव्हा तू लिहिले होतेस की उजेड चेहऱ्यावर पडला आहे खरा, पण सगळे सांगणे तिच्या हातांत आहे आणि नेमके तेच मी चौकटीबाहेर ठेवले आहेत. त्या दोन ओळींमुळे आजही मी माणसाचे चित्र घेताना आधी त्याचे हात शोधतो. आता दिवसाला हजारभर चित्रे येतात. पण एक माणूस दिवसभरात जितकी चित्रे मन लावून पाहू शकतो, ती संख्या होती तेवढीच आहे. त्यामुळे बहुतेक चित्रे कुणीही न पाहता खाली सरकतात, आणि ज्याचे चित्र पाहिले गेले नाही तो दुसऱ्या दिवशी एकाच्या जागी दहा टाकतो. मग ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ अशी देवाणघेवाण सुरू होते, कारण दुसऱ्याकडे गेल्याशिवाय आपल्याकडे कुणी येणार नाही हे प्रत्येकाला कळून चुकलेले असते. अशा माणसाला मी उथळ म्हणणार नाही. आपले चित्र कुणीतरी पाहावे एवढीच त्याची इच्छा आहे, आणि आपणही त्याच इच्छेने आलो होतो.

घाईने पाहिले की काय होते, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर एका गटात सभासद मतदान करून नावडती चित्रे काढून टाकत. तेथे कुणीतरी थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ सालचे एक प्रसिद्ध चित्र, वळणदार जिन्याखालून झर्रकन जाणारा सायकलस्वार, छायाचित्रकाराचे नाव न सांगता ठेवले. सायकलस्वार अस्पष्ट आहे, अशा शेऱ्यांनिशी ते बाद झाले. मत देणारे अडाणी असतील असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे चित्रांची रांग होती आणि हाती काही क्षण होते.

फ्लिकरचाच इतिहास मी तुझ्यापुढे ठेवतो, कारण आपल्या अडचणी त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर भोगल्या. कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक यांची छोटी कंपनी एक ऑनलाइन खेळ तयार करत होती. त्यातून २००४ साली हे संकेतस्थळ निघाले, आणि आरंभी चालक मंडळी नव्या सभासदांचे स्वतः स्वागत करत. २००५ मध्ये याहू या मोठ्या इंटरनेट कंपनीने ते विकत घेतले. २००७ मध्ये जुन्या सभासदांना याहूचे खाते वापरण्याची सक्ती झाली, संपर्कयादीवर ३,००० ची मर्यादा आली, आणि मोठा निषेध उसळला. ३,००० संपर्क फारच थोड्यांचे असतील. तरीही लोक दुखावले, कारण जे घर आपण वसवले त्याचे नियम आपल्याला न विचारता बदलतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळले.

पैशाचे गणितही असेच असते. तू मला हिशेब पाठवला आहेस, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रत्येक छायाचित्र मूळ आकारात आणि शिवाय तीन-चार लहान आकारांत साठवावे लागते. सभासद वर्षाने येईनासा झाला तरी त्याची चित्रे जागा अडवून राहतात, म्हणजे खर्च साचत जातो आणि वर्गणी मात्र येईल तेव्हा येते. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट, म्हणजे सुमारे हजार गिगाबाइट, जागा फुकट दिली. २०१८ मध्ये स्मगमग या छायाचित्रे साठवणाऱ्या कंपनीने ते घेतल्यावर फुकट खात्यांना १,००० चित्रांची मर्यादा घालावी लागली. आधी सढळ हाताने दिलेले परत मागण्याइतके कटू काम दुसरे नाही. म्हणून मर्यादा घालायची तर ती आत्ताच घाल आणि चित्रे उतरवून घ्यायला भरपूर मुदत दे. कुणाच्या गेलेल्या आईचे एकमेव चित्र आपल्याकडेच असू शकते.

एका बाबतीत मात्र मी मुदत देणार नाही. फोनने घेतलेल्या चित्रात अनेकदा ते कोठे घेतले याची अचूक नोंद दडलेली असते. चाळीस ओळखीच्या माणसांत त्याने काही बिघडत नव्हते. हजारो अनोळखी माणसांत, अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या चित्राबरोबर त्याच्या घराचा पत्ताच आपण वाटतो. चित्र चढवतानाच ती नोंद पुसली जावी, ही व्यवस्था याच आठवड्यात कर.

बाकीच्यासाठी माझे म्हणणे असे, की एका मोठ्या अंगणाऐवजी चाळीस-चाळीस जणांची लहान अंगणे करावीत, प्रत्येकाने आठवड्याला एकच चित्र ठेवावे, आणि प्रत्येक अंगणात जुन्यांपैकी दोघांनी त्या प्रत्येक चित्रावर निदान दोन ओळी लिहाव्यात. जुन्यांपैकी काही जण याला नकार देतील. त्यांना फक्त परस्परांची चित्रे पाहायची आहेत, आणि त्यांच्यावर सक्ती करू नये.

पहिले अंगण माझ्याकडे दे. नव्या सभासदांची नावे रविवारपर्यंत पाठव. त्यांची आतापर्यंतची चित्रे मी आधी पाहून घेईन.

तुझा मित्र